शाळेला आधार कोणाचा ?

दान या शब्दाला आपल्या भाषेंत मोठा मान आहे. अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि त्यांत विद्यादान श्रेष्ठ, असें वडील माणसें सांगत असतात. परंतु विद्यादानांत नेमकें काय द्यावयाचें आणि तें कोणीं द्यावयाचें, याचा विचार क्वचितच होतो. दर वर्षीं जून महिना उजाडला कीं आपल्या बाजूचीं मंडळें, कारखाने व शाळा वह्या, दप्तरें आणि छत्र्या घेऊन खेड्यांतील शाळांकडे निघतात. हें काम चांगलें आहे, यांत संशय नाहीं. आपल्या शाळेंतूनहि असे गठ्ठे जातात आणि ते बांधतांना मलाहि आनंद होतो. तथापि वह्या वाटून गाडी परत फिरली म्हणजे पुढें वर्षभर त्या शाळेला आधार कोणाचा असतो, हा प्रश्न गेलीं दोन वर्षें माझ्या मनांत घोळत आहे. त्याचें जें उत्तर माझ्या आजोळीं मला पाहावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्यापैकीं बहुतेक जण उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथून शाळेला येतात. या तिन्ही गांवांना शाळेचें मोल निराळें सांगावयास नको. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील लष्करी छावणी. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली तेव्हां सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं नव्या नगराची कोनशिला बसविली. ज्यांचीं घरेंदारें मागें राहिलीं, त्यांनीं मुलांचें शिक्षण मात्र मागें राहूं दिलें नाहीं. अंबरनाथचें शिवमंदिर इ. स. १०६० च्या सुमाराचें. परंतु आज तेथें नवा माणूस वस्तीला येतो तो कारखान्यांतील कामासाठीं आणि मुलांच्या शाळेसाठीं. बदलापुरांत तर वर्षागणिक नव्या इमारती उठत आहेत, आणि त्यांत खेड्यांतून आलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. माझी आई अशांपैकींच एक.

आईचें माहेर मुरबाड तालुक्यांत आहे. बदलापुराहून बारवी धरणाच्या बाजूनें जो रस्ता मुरबाडकडे जातो, त्या रस्त्यानें आम्ही सुटींत जातों. गांवाचें नांव येथें देत नाहीं. कारण मी सांगतें आहें तशीं गांवें त्या तालुक्यांत आणि शेजारच्या शहापूर व कर्जत तालुक्यांत पुष्कळ सांपडतील. तेथें जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन खोल्या, दोन गुरुजी, आणि पुढें वडाचा पार. माझी आई याच शाळेंत चौथी पास झाली. तिच्या वेळीं एकेका वर्गांत वीस-वीस मुलें बसत. दोन वर्षांपूर्वीं मी गेलें तेव्हां साऱ्या शाळेचा पट अठरा होता. त्यांतलीं नऊ मुलें गांवांतलीं आणि नऊ मुलें माळापलीकडच्या कातकरी वाडीवरचीं. गांवचीं माणसें पोटासाठीं बदलापूर, कल्याण, भिवंडीकडे गेलीं. मुलें त्यांच्याबरोबर गेलीं. आणि जीं घरें मागें राहिलीं त्यांतल्या कांहींनीं मुलांना गाडींतून दूरच्या इंग्रजी शाळेंत धाडण्यास आरंभ केला. पट घटला याला कोणी एक दोषी आहे असें नाहीं.

पट अठरावर येणें म्हणजे काय, हें शहरांतील वाचकांस सांगितलें पाहिजे. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आंत असावी, असा त्याखालील नियमांचा दंडक आहे. परंतु २०१७ सालीं, ज्यांचा पट दहाच्या वर नाहीं अशा १,३०० हून अधिक शाळा बंद करून तेथील मुलें जवळच्या शाळांत पाठविण्याचें राज्य शासनानें ठरविलें. आणि २०२३ सालीं वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याची कल्पना पुढें आली. या म्हणण्याचाहि विचार केला पाहिजे. चार-पांच मुलांच्या शाळेंत खेळ रंगत नाहीं, बरोबरीचा सोबती मिळत नाहीं, आणि एका मुलामागें खर्च फार येतो. मोठ्या शाळेंत ग्रंथालय असतें, साधनें असतात, प्रत्येक वर्गाला निराळा शिक्षक मिळूं शकतो. हें सर्व खरें. पण माझ्या आजोळाहून पुढची शाळा साडेतीन किलोमीटरांवर आहे, वाटेंत ओढा आहे, आणि श्रावणांत त्या ओढ्याचें पाणी केव्हां चढेल याचा नेम नसतो. सहा वर्षांच्या मुलीला त्या वाटेनें कोण पाठवील ? शाळा लांब गेली कीं पहिल्यानें घरीं बसते ती मुलगी.

आतां कातकरी वाडीविषयीं. कातकरी ही ठाणें व रायगड या जिल्ह्यांतील जुनी आदिवासी जमात. खैराच्या लांकडापासून कात काढण्याचा तिचा मूळचा धंदा. त्यावरूनच हें नांव पडलें. पुढें जंगल दुरावलें, तो धंदा गेला, आणि जमीन तर बहुतेकांच्या नांवावर नाहींच. म्हणून दिवाळी झाली कीं यांतलीं कित्येक कुटुंबें वीटभट्टीवर जातात. जाण्यापूर्वीं मालकाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे पावसाळा तोंडावर येईपर्यंत, भट्टी सोडतां येत नाहीं. मुलें अर्थातच बरोबर जातात. थोरलीं मुलें वाळत घातलेल्या विटा उलटीं-सुलटीं करतात आणि धाकट्या भावंडांस सांभाळतात. जूनमध्यें वाटलेली वही दिवाळीपर्यंत अर्धीहि भरत नाहीं, आणि पुढच्या जूनमध्यें मूल परत येतें तें पुष्कळदां मुळाक्षरें विसरून. मी नोव्हेंबर महिन्यांत आजोळीं गेलें होतें, तेव्हां थोरल्या गुरुजींनीं हजेरीपट माझ्यापुढें उघडला. नऊ नांवांपुढें ओळीनें गैरहजेरीच्या खुणा होत्या. अठरांतून नऊ गेले कीं नऊ उरतात, हें गणित पहिलीच्या मुलालाहि येईल. नऊ मुलांच्या शाळेचें पुढें काय होऊं शकतें, तेंहि गांवाला ठाऊक होतें.

माझे मामा त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणें शाळेला अशी समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांना असतात. मामांना वाचनाचा नाद आहे. शेतीचें काम आटोपलें कीं कर्मवीर भाऊराव पाटील यांचें चरित्र ते पुन्हा पुन्हा वाचतात, आणि या अडचणींत त्यांना पहिला आधार मिळाला तो त्या चरित्राचाच.

भाऊरावांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढें १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें, आणि तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसून जेवूं लागलीं. जवळ पैसा नव्हता. मुलें स्वतः स्वयंपाक करीत आणि अंगमेहनतीनें आपल्या शिक्षणाचा खर्च हलका करीत. मुलांच्या अन्नासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि मोडलें. पण मामांना सर्वांत अधिक आवडते ती मूठभर धान्याची गोष्ट. घरोघरच्या बायकांनीं मूठभर धान्य निराळें काढून ठेवावें आणि तें वसतिगृहाला द्यावें, अशी ती योजना होती. मामा म्हणतात कीं थोर दात्याची देणगी एकदां येते आणि संपते. रोजची मूठ मात्र घरांतील बाईला रोज शाळेची आठवण करून देते. जिच्या डब्यांतून धान्य गेलें, ती त्या शाळेची चौकशीहि करणारच.

दुसरा आधार जुन्या ठाणें जिल्ह्यांतलाच. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्राचें काम आरंभिलें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणींच वैधव्य आलें होतें. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुण्याची नोकरी सोडून या किनाऱ्यावरच्या गांवीं आल्या. पुढें १९५७ च्या सुमारास हें काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तींत गेलें. बोर्डी व कोसबाड हीं गांवें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतात.

या दोघींनीं प्रथम एक गोष्ट ओळखली. मूल शाळेंत येत नाहीं याचें कारण त्याला शाळा नको असते असें नव्हे. त्याच्या हातीं दुसरें काम असतें. वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बाई स्वतः त्यांच्या अंगणांत जाऊन बसल्या, तीच अंगणवाडी. मुलगा गुरें चारावयास जातो म्हणून येत नाहीं, तर शिक्षकच त्याच्या मागें कुरणांत गेला. तिला कुरणशाळा म्हणत. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन असते म्हणून येत नाहीं, तर शाळेजवळच पाळणाघर केलें, म्हणजे भावाला तेथें ठेवून तिला शिकतां येई. महागडीं साधनें विकत घेतां येत नव्हतीं, तेव्हां शिंपले, बिया, खडे व पानें हींच मोजण्याचीं आणि ओळखण्याचीं साधनें झालीं. पुढें १९७५ सालीं देशांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांनाहि अंगणवाडी हेंच नांव मिळालें. ताराबाई १९७३ सालीं वारल्या. अनुताई १९९२ सालीं वारल्या, आणि अखेरपर्यंत त्यांचें घर कोसबाडलाच होतें. एवंच, त्यांनीं त्या मुलांना दिलें तें आपलें सारें आयुष्य. त्याच मार्गानें विधायक संसद या संस्थेनें पुढें ठाणें जिल्ह्यांत वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोंपडी. मूल जेथें, शाळा तेथें, हें सूत्र एकच.

असो. आपण पुन्हा आजोळाकडे वळूं. आईबाप भट्टीवर गेले तरी मुलांनीं गांवांतच राहून शिकावें, यासाठीं हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. मामांनीं व गुरुजींनीं त्यासाठीं अर्ज केला. पण कागद पुढें सरकेपर्यंत दुसरी दिवाळी येऊन ठेपली. तेव्हां मामांनीं समितीची सभा शाळेच्या पारावर बोलाविली आणि वाडीवरच्या माणसांनाहि बोलाविलें. गांवच्या सभेला वाडीवरचीं माणसें बरोबरीनें बसलेलीं मीं तरी पहिल्यानेंच पाहिलीं. खरें सांगावयाचें तर गांवाला आपली शाळा हवी होती, आणि ती शाळा त्या नऊ मुलांवांचून टिकत नव्हती. ज्यांच्याकडे गांवानें आजवर फारसें लक्ष दिलें नव्हतें, त्यांच्याच मुलांवर गांवाची शाळा उभी होती.

मुलें ठेवावीं कोणापाशीं, हा पहिला प्रश्न. वाडीवरची एक म्हातारी, जिचे दोन मुलगे व सुना भट्टीवर जाणार होत्या, ती मामांना म्हणाली, "पोरांना मी सांभाळतें, दादा. पण सांजच्याला चुलीवर काय ठेवूं ?" तिचें म्हणणें बरोबर होतें. दुपारचें जेवण शाळेंत मिळतें. प्रश्न रात्रीचा होता. सभा थोडा वेळ गप्प झाली. मग माझी आजी, जी सभेंत कधीं बोलत नाहीं, ती म्हणाली, "आपल्या अडीचशें माणसांच्या गांवाला पांचसहा पोरांचा भात जड आहे का ?" त्या दिवसापासून गांवांतील बावीस घरांत रोज संध्याकाळीं मूठभर तांदूळ बाजूला निघूं लागले. शनिवारीं चौथींतलीं दोन मुलें पिशवी घेऊन घरोघर जात आणि तांदूळ वाडीवर पोंचवीत. धाकटे गुरुजी मुरबाडला राहतात. त्यांनीं आठवड्यांतून दोन रात्री गांवांतच मुक्काम करून मुलांचा अभ्यास घेण्याचें पत्करलें.

वाचकहो, येथें सर्व कांहीं गोड झालें असें मी लिहूं लागलें तर तें खोटें होईल. नऊपैकीं पांच मुलें राहिलीं. चौघांचे आईबाप त्यांना घेऊनच गेले. त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. उचल देतांना थोरल्या मुलांचे हातहि हिशेबांत धरलेले असतात. त्या चौघांतली एक मुलगी तिसरींत होती आणि पाढे फार सुरेख म्हणे. ती जातांना गुरुजींनीं तिला तिसरीचीं पुस्तकें बांधून दिलीं. पण भट्टीवर पुस्तक उघडून कोण बसवील ? यंदा जूनमध्यें ती परत आली आणि पुन्हा तिसरीच्याच पाठांना लागली. मात्र राहिलेल्या पांचांपैकीं एकहि मूल मागें पडलें नाहीं. चौदांचा पट वर्षभर टिकला, शाळा आज उघडी आहे, आणि पुढच्या वर्षीं काय होईल तें कोणासहि सांगतां येत नाहीं.

म्हातारीच्या आधाराची गोष्ट निघाली म्हणून मुरबाड तालुक्यांतल्याच फांगणे या गांवाची हकीकत सांगतें. तेथें ८ मार्च २०१६ रोजीं, म्हणजे जागतिक महिला दिनीं, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांची ती कल्पना. तिला एका धर्मादाय विश्वस्त संस्थेचें साहाय्य मिळालें. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडीं नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारच्या वेळीं शाळेंत येऊं लागल्या, आणि त्यांचा अभ्यास घ्यावयास घरीं नातवंडें होतीं. कित्येकांना ही गंमत वाटेल. मला त्यांत मोठा अर्थ दिसतो. ज्या घरांत आजी स्वतः अक्षर गिरविते, त्या घरांतील नातीला शाळा चुकवून घरकामाला कोण बसवील ? शाळेची किंमत आजीला कळली कीं ती किंमत साऱ्या घराला कळते.

आतां आपल्याविषयीं. आपण वीटभट्टी क्वचितच पाहतों, परंतु बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील पुष्कळ घरांच्या भिंतींत ज्या विटा आहेत, त्या अशाच हातांनीं थापलेल्या आहेत. ज्या भिंतीला टेकून आपण अभ्यास करतों, ती उभी राहावी म्हणून कोणाचा तरी अभ्यास राहिला असेल. हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपण खेड्यांतील शाळेला जें देतों त्याला दान म्हणावें कीं देणें म्हणावें, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

वह्या देऊं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. त्या अवश्य द्याव्या; पण प्रथम त्या शाळेच्या गुरुजींना विचारावें कीं काय हवें आहे. आमच्या गुरुजींना विचारलें असतां ते म्हणाले, "वह्या जूनमध्यें नकोत, दिवाळीनंतर आणा, आणि आणणाऱ्यांनीं मुलांबरोबर दोन तास बसावें." आपल्या शाळेंतील आम्ही सहा जणी गेल्या डिसेंबरपासून महिन्यांतून एका शनिवारीं तेथें जातों. सकाळची शाळा असते. आम्ही मुलांना गोष्टी वाचून दाखवितों, गणितें घालतों, आणि त्यांच्याकडून ओढ्यांतील मासे व रानांतील भाज्या यांचीं नांवें शिकतों. एका शनिवारानें कोणी विद्वान होत नाहीं, हें आम्हांस कळतें. पण पुढच्या शनिवारीं ताई येणार आहेत म्हणून दोन मुलें सलग महिनाभर हजर राहिलीं, असें गुरुजींनीं सांगितलें, आणि तेवढ्यानें आम्हांस जाण्याचा कंटाळा येत नाहीं.

माझ्या वडिलांची इच्छा मीं अभियंता व्हावें अशी आहे, आणि तिचा मी मान राखतें. शिक्षकाच्या नोकरीसाठीं किती वर्षें वाट पाहावी लागते, हें ते मला वारंवार सांगतात, आणि तें खोटें नाहीं. दहावीनंतर मी कोणती वाट धरीन तें अजून ठरलेलें नाहीं. परंतु वाट कोणतीहि असो, त्या दोन खोल्यांच्या शाळेशीं माझा संबंध सुटूं नये, असें मला मनापासून वाटतें.

तात्पर्य, शाळेला आधार कोणाचा, या प्रश्नाला एकच नांव देतां येत नाहीं. तो आधार मुक्कामाला राहणाऱ्या गुरुजींचा आहे, पोरांना कुशींत घेणाऱ्या म्हातारीचा आहे, आणि बावीस घरांतील मूठभर तांदुळांचा आहे. या सर्वांना बळ द्यावें, त्यांच्या सवडीनें व त्यांना विचारून द्यावें, आणि पुन्हा पुन्हा जात राहावें, एवढें आपल्या हातचें आहे. येत्या दिवाळीनंतर त्या हजेरीपटांत नऊच्या नऊ नांवांपुढें हजेरी लागो, अशी सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतें.